अंगणातली प्रयोगशाळा

अंगणवाडी कुठे आहे, असे महाराष्ट्रातल्या कोणत्याही खेड्यात विचारावे. शेंबडे पोरही बोट करून दाखवील. शाळेच्या आवारात नाहीतर चावडीशेजारी एक खोली, भिंतीवर रंगवलेली फळे आणि मुळाक्षरे, दारात चिमुकल्या चपलांचा ढीग आणि आत खिचडीचा वास. देशभरात अशी तेरा लाखांहून अधिक केंद्रे आज आहेत. शब्द इतका अंगवळणी पडला आहे की, तो कधीकाळी नवा होता हे कुणाच्या मनातही येत नाही. भाषेत असे पुष्कळदा होते. ज्या शब्दाला यश येते, त्याचा जन्मदाखला हरवतो.

हा शब्द ज्या कामातून आला, ते काम ताराबाई मोडक या मराठी बाईंनी उभे केले. त्यांचे नाव शिक्षणाच्या इतिहासात आदराने घेतले जाते. सरकारने १९६२ साली त्यांना पद्मभूषण किताब दिला. पण मी या जिल्ह्यात हयातभर मुलांना इतिहास शिकवला, आणि त्या धंद्याने मला एक सवय लागली आहे. एखादे नाव कोणत्या यादीत आहे यापेक्षा ते कोणत्या यादीत नाही, हे मी आधी पाहतो. मानसशास्त्राच्या इतिहासाची पुस्तके चाळा; त्यांत ताराबाई सहसा सापडत नाहीत. माझे म्हणणे असे की, त्यांची जागा तिथेही आहे. मुलाचे मन कसे चालते हे त्यांनी पन्नास वर्षे पाहिले, पारखले आणि मांडले. ते कसे, हे या दिवाळीच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवावे असे मनात आहे.

त्यासाठी थोडे दूरवर जाऊन यावे लागेल.

मनाचा अभ्यास जगात फार जुना. पण प्रयोगशाळेत बसून, मोजमाप घेऊन तो करावा, ही कल्पना तशी कालपरवाची. जर्मनीत लाइपझिग येथे विल्हेल्म वुंट या प्राध्यापकाने १८७९ साली मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली आणि तिथून या शास्त्राचा संसार सुरू झाला, असे मानतात. शास्त्र नवे होते. पण ज्या विद्यापीठांत ते वाढले त्यांचे रिवाज जुने होते. त्या घरात बायकांना ओसरीपर्यंत येता येई, माजघरात नाही.

अमेरिकेतल्या मेरी व्हिटन कॉल्किन्स यांची कथा या बाबतीत ऐकण्याजोगी आहे. जन्म १८६३ सालचा. वेलस्ली या मुलींच्या कॉलेजात त्या ग्रीक भाषा शिकवीत. कॉलेजला नव्या मानसशास्त्राचा विषय सुरू करायचा होता. तो त्यांनी शिकवावा, पण आधी वर्षभर स्वतः शिकून यावे, असे ठरले. शिकायला जायचे कुठे? जवळ होते हार्वर्ड विद्यापीठ, आणि तिथे होते विल्यम जेम्स, त्या काळचे या विषयातले सर्वांत मोठे नाव. जेम्स शिकवायला तयार. विद्यापीठाचे अध्यक्ष मात्र बाईला वर्गात बसू द्यायला राजी नाहीत. शेवटी कॉल्किन्स यांचे वडील आणि वेलस्ली कॉलेज यांनी अर्ज-विनंत्या केल्या, तेव्हा १८९० साली परवानगी मिळाली. तीही पाहुणी म्हणून. पटावर नाव नाही. पुढे गंमत अशी झाली की, वर्गातले बाकीचे पुरुष विद्यार्थी एकामागून एक गळाले आणि त्या काळचा सर्वांत मोठा मानसशास्त्रज्ञ ग्रंथालयातल्या शेकोटीशी बसून एकट्या कॉल्किन्सबाईंना शिकवू लागला!

१८९१ साली त्यांनी वेलस्लीला प्रयोगशाळा उभारली. पुढे स्मरणशक्तीवर त्यांनी जे प्रयोग केले, त्यांची पद्धत आजही जगभर वापरतात. पद्धत साधी आहे. माणसाला एक रंग दाखवायचा, लगेच एक आकडा दाखवायचा. अशा कितीतरी जोड्या दाखवून झाल्या की नुसता रंग दाखवून विचारायचे, आकडा कोणता? पणती दिसली की दिवाळी आठवते, तसाच हा प्रकार. जोडी कशाने पक्की होते? ठळक दिसल्याने, नुकतीच पाहिल्याने, की पुन्हा पुन्हा पाहिल्याने? पुन्हा पुन्हा पाहण्याचा जोर सर्वांत मोठा, असे कॉल्किन्स यांना आढळले. आपल्या पंतोजींनी पाढे घोकून घेताना हे मोजले नव्हते. बाईंनी ते मोजून दाखवले.

१८९५ साली हार्वर्डमधल्या प्राध्यापकांनी त्यांची तोंडी परीक्षा घेतली. परीक्षकांत जेम्स होते, ह्यूगो म्यून्स्टरबर्ग होते. सर्वांनी एकमुखाने कौल दिला की, पीएच्.डी.ला जे जे लागते ते ते या विद्यार्थिनीने केले आहे. विद्यापीठाने पदवी दिली नाही. कारण एकच, त्या स्त्री होत्या. १९०२ साली हार्वर्डच्या शेजारच्या रॅडक्लिफ या मुलींच्या कॉलेजची पदवी त्यांना देऊ केली गेली. त्यांनी ती नाकारली. जिथे काम केले तिथली पदवी द्या, आडवाटेने नको, असा त्यांचा बाणा. १९०५ साली अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघाने त्यांना अध्यक्ष निवडले. त्या जागेवर बसलेल्या त्या पहिल्या स्त्री. १९३० साली त्या वारल्या, तेव्हाही हार्वर्डची पदवी त्यांच्या नावावर नव्हती.

आमच्याकडच्या वाचकांना इथे एक गोष्ट जाणवल्याशिवाय राहणार नाही. आनंदीबाई जोशी याच अमेरिकेत, फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, १८८६ साली डॉक्टर झाल्या होत्या. म्हणजे कल्याणच्या मराठी मुलीला जे मिळाले, ते तिथल्या गोऱ्या धर्मोपदेशकाच्या मुलीच्या वाट्याला नऊ वर्षांनी आले नाही, असे नाही का दिसत? दिसते, पण नीट पाहिले की त्यातली मेख कळते. आनंदीबाईंना दार उघडे मिळाले, कारण ते बायकांसाठीच बांधलेले दार होते. कॉल्किन्सबाईंनी पुरुषांचे दार ठोठावले. स्त्रीला विद्या मिळायची ती वेगळ्या अंगणात. मोठ्या वाड्यात नाही.

हे 'वेगळे अंगण' लक्षात ठेवून आता आपण घरी येऊ.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा, मुंबईचा. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव प्रार्थनासमाजाचे. त्यामुळे मुलीने शिकावे की नाही, हा वाद त्या घरात नव्हता. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. अमरावतीच्या मोडक वकिलांशी लग्न झाले. १९२१ साली तो संसार मोडला. हा काळ डोळ्यांपुढे आणा. हिंदू विवाहाचा कायदा यायला अजून चौतीस वर्षे अवकाश होता. नवऱ्यापासून वेगळी झालेली, पदरी लहान मुलगी असलेली एकोणतीस-तीस वर्षांची बाई समाजाच्या कोणत्याच रकान्यात बसत नव्हती. ती सवाष्ण नव्हती, विधवा नव्हती, कुमारिका नव्हती. तिला हळदीकुंकवाला बोलवावे की बोलवू नये, हेसुद्धा शेजारणींना कळत नसे.

ताराबाई राजकोटला गेल्या आणि तिथल्या बार्टन स्त्री-अध्यापन महाविद्यालयाच्या प्रमुख झाल्या. अशी जागा त्या काळी हिंदी स्त्रीला क्वचितच मिळे. पगार, मान, घर सारे होते. पण जवळच भावनगरला गिजुभाई बधेका नावाचे एक वकील वकिली सोडून लहान मुलांत रमले होते. दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी १९२० साली बालमंदिर काढले होते. लोक त्यांना 'मूछाळी मा', म्हणजे मिशीवाली आई, म्हणत. ताराबाई मानाची नोकरी सोडून या मिशीवाल्या आईच्या हाताखाली काम करायला भावनगरला गेल्या. पुढे १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. 'शिक्षणपत्रिका' हे मासिक आधी गुजरातीत आणि मग मराठीतही निघू लागले. मूल हट्ट का करते, खोटे का बोलते, अंथरूण का ओले करते, मारल्याने त्याच्या मनाचे काय होते, हे प्रश्न तोवर घरातल्या म्हाताऱ्यांच्या अखत्यारीतले होते. ताराबाईंनी ते मराठी आयांपुढे अभ्यासाचे प्रश्न म्हणून मांडले.

हिंदुस्थानात त्या वेळी मानसशास्त्र होते कुठे? कलकत्ता विद्यापीठात त्याचा स्वतंत्र विभाग १९१६ साली निघाला होता. त्याचे प्रमुख नरेंद्रनाथ सेनगुप्त हे हार्वर्डला म्यून्स्टरबर्ग यांच्याच हाताखाली शिकून आलेले. कॉल्किन्सबाईंची परीक्षा घेणारे तेच म्यून्स्टरबर्ग. धागा असा सात समुद्र ओलांडून आला. पण तो कलकत्त्याच्या विद्यापीठात आला, पुरुषांच्या हाती आला. मराठी मुलखातल्या एकट्या बाईला त्यात शिरकाव नव्हता. तिच्या वाट्याला आले ते बालमंदिर. म्हणजे पुन्हा वेगळे अंगण.

पण या अंगणाची थोरवी पुढे दिसायची होती.

गिजुभाई आणि ताराबाई ज्या विचाराने भारावले होते तो होता मारिया माँटेसोरी या इटालियन डॉक्टरीणबाईंचा. रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी त्यांनी आपले पहिले बालगृह उघडले. आईबाप मजुरीला गेल्यावर जिन्यांवर आणि भिंतींवर उच्छाद मांडणारी मुले, ही त्यांची पहिली विद्यार्थीमंडळी. मुलाला उपदेश करू नका, त्याच्या हाताला काम द्या आणि दूर उभे राहून पाहा, हे त्यांच्या पद्धतीचे सार. लाकडी दट्टे, मनोरे, घंटा, रंगांच्या चकत्या अशी साधने त्यांनी बनवली आणि मूल त्यांत किती वेळ रमते, काय पुन्हा पुन्हा करते, याच्या नोंदी ठेवल्या.

आता इतिहासाची एक खोड पाहा. मजुरांच्या मुलांसाठी निघालेली ही पद्धत आपल्याकडे येईपर्यंत श्रीमंतांची झाली होती. साधने महाग, खोल्या प्रशस्त, फी भारी. ताराबाईंनी १९३६ साली दादरला शिशुविहार काढले आणि मुंबईच्या मध्यमवर्गाने ते उचलून धरले. बालशिक्षिका तयार करण्याचे वर्गही सुरू झाले. दुसरे कुणी असते तर इथे कृतार्थ होऊन थांबले असते. ताराबाईंना मात्र एक शल्य होते. ज्या मुलाला बालमंदिराची खरी गरज, ते मूल बालमंदिराच्या दारापर्यंत पोहोचतच नव्हते.

१९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी डहाणू तालुक्यातल्या बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ग्रामबालशिक्षणाचे केंद्र सुरू केले. तेव्हाचा तो ठाणे जिल्हा. २०१४ पासून पालघर. त्याच साली त्या टापूतले वारली आदिवासी वेठबिगारीविरुद्ध उठले होते. बोर्डीला ताराबाईंना अनुताई वाघ ही सहकारी मिळाली. मोरगावची ही मुलगी तेराव्या वर्षी विवाहित आणि सहा महिन्यांत विधवा झालेली. रात्रीच्या शाळेत शिकून वर आलेली. एक परित्यक्ता म्हणून हिणवली जाण्याजोगी आणि एक बालविधवा. समाजाने कडेला काढलेल्या दोन बायकांनी त्याच समाजाची मुले मांडीवर घेतली.

बोर्डीला पहिला धडा मुलांनीच शिकवला. बालवाडी उघडली; पण दलित वस्तीतली मुले येईनात. कुणाला धाकटे भावंड सांभाळायचे असे, कुणाची आई पहाटेच कामाला गेलेली असे, आणि गावातल्या चांगल्या घरांच्या पोरांशेजारी जाऊन बसायचे भय तर सर्वांनाच. शहरातले शिक्षणखाते अशा वेळी गैरहजेरी मांडते आणि आईबापांना अडाणी म्हणते. ताराबाईंनी उलटे केले. मूल बालवाडीत येत नाही ना, मग बालवाडी मुलाच्या अंगणात जाऊ दे! शिक्षिका वस्तीत जाऊ लागल्या. कुणाच्या तरी अंगणात मुले जमवायची, त्यांना न्हाऊ-माखू घालायचे, नखे काढायची, गाणी म्हणायची, गोष्टी सांगायच्या. बालवाडी अंगणात आली आणि तिचे नाव अंगणवाडी झाले.

साधनांचेही तसेच. इटालियन लाकडी दट्ट्यांना पैसे कुठून आणायचे? समुद्रकाठी शिंपले होते, रानात चिंचोके होते, पाने, खडे, बिया, काड्या होत्या. शिंपल्यांतून लहान-मोठे कळले, चिंचोक्यांतून मोजणी आली, पानांतून आकार आणि रंग आले. काही जाणकारांना हे माँटेसोरीचे गावठी रूप वाटले असेल. मला त्यात शास्त्राची खरी पारख दिसते. सिद्धांत कोणता आणि त्याच्यावरचे कापड कोणते, हे ज्याला ओळखता येते तोच सिद्धांत दुसऱ्या देशात नेऊ शकतो. मुलाचा हात आणि मुलाची बुद्धी एकत्र वाढतात, हा सिद्धांत. दट्टा लाकडाचा की शिंपला डहाणूचा, हे कापड.

१९५७ साली काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेले, थेट वारल्यांच्या पाड्यांत. तिथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छताखाली आणून विकासवाडी उभी राहिली. म्हणजे धाकटे भावंड पाळणाघरात, मधले बालवाडीत आणि थोरले शाळेत. मोठ्या मुलीच्या काखेतले मूल खाली उतरवल्याशिवाय तिच्या हातात पाटी येणार नाही, हे ज्याने पाहिले त्यालाच असे सुचेल. तरीही काही मुले येईनात; ती गुरे राखायला जात. मग शाळा कुरणात गेली. गुरे चरताहेत, मुले झाडाखाली बसली आहेत, आणि शिक्षिका त्यांना त्यांच्याच रानातल्या वस्तूंतून हिशेब शिकवते आहे, अशी ती कुरणशाळा.

आता मानसशास्त्राच्या दृष्टीने या साऱ्याचा अर्थ काय, ते पाहू. प्रयोगशाळेचा नियम असा की, ज्याला तपासायचे त्याला त्याच्या जगातून उचलून शांत खोलीत आणावे. त्याने मोजमाप चोख होते, यात शंका नाही. कॉल्किन्सबाईंचे आकडे त्यामुळेच टिकले. पण तीन वर्षांच्या मुलाला अनोळखी खोलीत आणले की ते मूल राहतच नाही; भ्यालेला एक जीव राहतो. पाड्यावरचे मूल खोलीत गप्प बसते म्हणून ते मंद आहे, असा निकाल देणारे त्या काळी पुष्कळ होते. तेच मूल कुरणात पाखरांची नावे सांगते, गुरांचा हिशेब ठेवते आणि वाऱ्यावरून पावसाचा अंदाज करते. मग मंद कोण? ताराबाईंनी मुलाला मोजायच्या आधी त्याचे भय काढले. मूल जिथे मोकळे असते तिथेच त्याचे मन दिसते, हा त्यांच्या कामाचा गाभा. आणि तो त्यांना सापडला, कारण त्यांच्याजवळ दुसरी प्रयोगशाळाच नव्हती. जे अंगण स्त्रियांना धाकटे म्हणून दिले गेले होते, तेच त्यांनी शास्त्राच्या कामाला लावले.

अडचणीतून सगळ्यांनाच काही सापडते, असे मात्र मी म्हणणार नाही. ती खोटी समजूत होईल. कॉल्किन्सबाईंना पदवी नाकारली गेली त्याने शास्त्राचे भले झाले नाही. आणि मराठी मुलखातल्या किती बायका अशाच अडवल्या गेल्या आणि गप्प झाल्या, त्यांची मोजदाद इतिहासाकडे नाही. अडचण ही शिक्षिका नव्हे. अडचणीत डोळे उघडे ठेवणारी बाई ही शिक्षिका.

हे सारे डहाणूकडे चालू होते तेव्हा आमच्या मुलखात काय होते? धाराशिव तेव्हा उस्मानाबाद. निजामाच्या राज्यातला जिल्हा. सरकारी शाळेतली आणि कचेरीतली भाषा उर्दू. माझे वडील घरी आईशी मराठीत बोलत आणि शाळेत पाटीवर उर्दू गिरवीत. पुढे त्यांचे उर्दू अक्षर मोत्यासारखे झाले आणि त्या भाषेवर त्यांनी प्रेमही केले. पण शाळेतला पहिला महिना आपण मुक्यासारखे बसून काढला, हे ते म्हातारपणीही सांगत. दोष उर्दूचा नाही. सहा वर्षांचे मूल घरची भाषा उंबऱ्याबाहेर ठेवून वर्गात शिरले की ते निम्मे बाहेरच राहते. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी गेली, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला. शाळा मराठी झाल्या. पण पाड्यावरच्या, तांड्यावरच्या, पारध्यांच्या पालावरच्या मुलाला शाळेची मराठीही परकीच असते, हे कोसबाडच्या टेकडीवर जितके स्पष्ट दिसले तितके आमच्याकडे फार थोड्यांना दिसले.

३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाई गेल्या. त्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, भारत सरकारने एकात्मिक बालविकास योजना देशातल्या तेहतीस ठिकाणी सुरू केली आणि तिच्या केंद्रांना नाव दिले अंगणवाडी. अनुताईंनी कोसबाडचे काम पुढे १९९२ पर्यंत, म्हणजे आपल्या अखेरीपर्यंत, सांभाळले. या योजनेने पोटात घास गेला, लसी टोचल्या गेल्या, वजने होऊ लागली. किती जीव वाचले असतील! त्याला नावे ठेवणारा मी कोण? पण नाव आले तसे त्यातले मर्मही आले का, हा प्रश्न उरतो. अंगणवाडी ही मुलाचे मन पाहण्याची जागा होती. ती मुख्यत्वे त्याचे वजन पाहण्याची जागा झाली. आणि अंगण तर गेलेच. आता मुलानेच अंगणवाडीकडे यायचे.

याची किंमत कोण मोजते, ते आमच्या जिल्ह्यात दिवाळीनंतर दिसते. आपण फराळाचे डबे रिकामे करीत असतो त्याच दिवसांत बालाघाटाच्या गावांतून ऊसतोडणीच्या टोळ्या निघतात. भूम, वाशी, कळंब, परंडा, कुठेही जा. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फेडायला नवरा-बायकोने मिळून एक कोयता व्हायचे असते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, सरपण, शेळी आणि पोरे. गाळप संपेपर्यंत पाच-सहा महिने कारखान्याच्या कोपीत मुक्काम.

कळंब तालुक्यातल्या एका गावी मी गेलो होतो. तिथली अंगणवाडीताई माझी जुनी विद्यार्थिनी निघाली. खोली स्वच्छ होती, भिंतीवर तक्ते होते. मी म्हटले, "पोरं कमी दिसतात गं."

"निम्मी कारखान्याला गेली सर," ती म्हणाली. "थोरलं असलं तर धाकट्याला सांभाळाया नेतेत. धाकटं असलं तर ठिवायचं कुणापाशी?"

"मग तिकडं अंगणवाडी?"

"तिकडं जवळ असली तर असती. पर आईला फडातून पोचवाया सवड पायजे की. पोर पाचटातच खेळतंय दिसभर." थोडे थांबून ती म्हणाली, "फागुनात माघारी आली की बोलतच नाहीत काही. आठ-पंधरा दिस लागतेत त्यास्नी पुन्हा हसाया."

हे वाक्य मी ऐकले आणि मनाशी म्हटले, ही नोंद आहे. मूल किती दिवस बोलत नाही आणि किती दिवसांनी हसते, हे पाहणारी ही बाई ताराबाईंच्या कुळातली आहे. तिने ताराबाईंचे नाव ऐकले होते. शिबिरात एकदा सांगितले होते म्हणे. पण ही नोंद लिहायला तिच्या रजिस्टरात रकाना नव्हता. रजिस्टरात हजेरी होती, वजन होते, उंची होती, आहार होता. मुलाच्या गप्प बसण्याचे खाते कुठेच नव्हते.

कारखान्यांवर साखरशाळा काढण्याचे प्रयत्न महाराष्ट्रात झाले आहेत. त्या कुरणशाळेच्याच बहिणी म्हणायच्या. पण शाळा सहा वर्षांच्या पुढच्या मुलाची. फडाच्या कडेला चिंध्यांच्या झोळीत जे निजते आणि पाचटात जे रांगते, त्याचे काय? २०२० सालच्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तिसऱ्या वर्षापासून आठव्या वर्षापर्यंतचा काळ शिक्षणाचा पाया म्हणून मान्य केला आहे. बोर्डीला हे मानूनच काम सुरू झाले, त्याला तेव्हा पंचाहत्तर वर्षे झाली होती. उशिरा का होईना, दिल्लीला पटले, याचा आनंदच आहे. मात्र धोरण कागदावर तीन वर्षांच्या मुलापर्यंत पोहोचले, तरी मुलाच्या कोपीपर्यंत पोहोचायला कुणाला तरी पायीच चालत जावे लागते. ताराबाई त्रेपन्नाव्या वर्षी चालत गेल्या.

मेरी कॉल्किन्स यांना पदवी न देणाऱ्या विद्यापीठाची चूक जगाने पुढे मान्य केली. त्यांचे नाव आज मानसशास्त्राच्या पहिल्या पानांवर आहे. ताराबाईंचे नाव तिथे यावे असे मला वाटते. पण त्यासाठी पाठ्यपुस्तकाचे पान बदलणे पुरणार नाही. त्यांचे शास्त्र अजून चालू असले तरच त्यांना शास्त्रज्ञ म्हणण्यात अर्थ. ते चालू राहायचे, तर अंगणवाडीच्या ताईला वहीत एक जास्तीचा रकाना हवा, त्यात लिहायला सवड हवी, आणि तिने लिहिलेले वाचणारा वरिष्ठ हवा. आणि ऊस जिथे तुटतो तिथे अंगण हवे. फडाच्या बांधावर सावलीला एक झोपडी, चार चिंचोके, चार शिंपले, आणि मुलाकडे पाहणारी एक बाई. कोसबाडला याहून जास्त काही नव्हते.

यंदाची साखर गोड लागताना एवढे ध्यानात असावे, की ती तोडणाऱ्या हातांना लहान मुले आहेत, आणि त्या मुलांना मन आहे.